फक्कीची इमारत

पहाटेचं धुकं मैदानावरून उठायला तयार नव्हतं, आणि त्या धुक्यात धाकटी आणि शिट्टीवहिनी मिळून एक इमारत आखत होत्या. वहिनी फक्कीची गाडी ढकलत होती. एरवी धावपट्टीच्या रेघा मारणारी ती गाडी. तिच्या पोटातून पांढरी भुकटी सुरसुरत खाली पडायची, आणि आज त्या भुकटीच्या भिंती होत होत्या. पुढे धाकटी दोरी ताणून उलटी चालत होती. मधेच वहिनी धुक्यात दिसेनाशी व्हायची आणि नुसती तिची शिट्टी ऐकू यायची. एक शिट्टी म्हणजे कोपरा आला. दोन म्हणजे दाराची जागा सोड.

वहिनी म्हणजे दादाची बायको, शाळेतली खेळाची बाई. तिच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा गळ्यात शिट्टी आहे असं दादा सांगायचा, आणि तिनं ते कधी नाकारलं नव्हतं.

"हे दार एवढं रुंद कशाला गं?" धुक्यातून वहिनीचा आवाज आला.

"तुझ्या कसरतीच्या गाद्या आत जायला नकोत?"

गाडीचं चाक थांबलं. "इतकी वर्षं त्या गाद्या जिन्याखाली सरपटत आत ढकलतेय मी," वहिनी म्हणाली. "त्यांना दार मिळणार हे ऐकूनच कसंतरी झालं बघ."

कल्पना धाकटीची होती. शाळेला खेळ आणि कला यांच्यासाठी इमारत हवी होती. नाटकाची तालीम व्हरांड्यात व्हायची, चित्रकलेचे कागद ग्रंथालयात वाळायचे आणि तिथल्या बाई रोज कुरकुरायच्या. इमारत हवी म्हणजे देणग्या हव्यात, आणि देणग्या मिळवायच्या तर लोकांपुढे काहीतरी ठेवायला हवं. धाकटी वास्तुकार. आजवर दुसऱ्यांच्या कचेऱ्यांमधले आडोसे आणि दुकानांच्या दर्शनी काचा यापलीकडे तिच्या वाट्याला काही आलं नव्हतं. ही तिची पहिली इमारत. जेवणाच्या टेबलावर ती म्हणाली होती, "नकाशा दाखवून कुणाचं मन हलत नाही. आपण खरीखुरी मापं घेऊन मैदानावर इमारत काढू. लोकांना दारातून आत नेऊ, खोल्याखोल्यांतून फिरवू."

"लोक विटांना पैसे देतात, भुकटीला नाही," दादा म्हणाला होता. दादा मुख्याध्यापक. बाबांच्या मागे शाळा त्याच्याकडे आली तशी बाबांची खुर्ची आली आणि घसा खाकरण्याची सवयही आली.

पण आई म्हणाली होती, "काढू दे रे तिला. नाही आवडलं तर झाडून टाकू." मग दादानं ताट पुढे ओढलं.

एक गोष्ट मात्र धाकटीनं त्या टेबलावर कुणालाच सांगितली नव्हती. तिनं काकांना बोलावलं होतं.

*

दुपार कलली तशी पाहुणे मंडळी येऊ लागली. छापखान्याचे मालक आले, दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या, शाळेत शिकून मोठे झालेले काही जण बायकामुलांना घेऊन आले. धुकं विरलं होतं, पण हवेत त्याची साय राहिली होती. ऊन पातळ, दुधाळ पडलं होतं आणि मैदानाच्या टोकाची झाडं पाण्यातून दिसावीत तशी दिसत होती. त्या उजेडात पांढऱ्या रेघा जमिनीपासून थोड्या वर तरंगल्यासारख्या वाटत होत्या.

"या, इकडून या. हे मुख्य दार," धाकटी म्हणाली.

आणि नवल असं की लोक दारातूनच आले. कुणाचा पाय रेघेवर पडला नाही. छापखान्याच्या मालकांनी उंबरठ्याच्या जागी बूट पुसले, मग आपण गवतावर बूट पुसतोय हे लक्षात येऊन ओशाळले, आणि तरी दुसरा बूटही पुसलाच. आत आल्यावर सगळ्यांचे आवाज आपोआप खाली आले. मोठ्या दालनात जसं मान वर करून बघतात तसं एकदोघांनी वर बघितलं. वर नुसतं आभाळ होतं.

"केवढं उंच आहे हो," डॉक्टरीणबाई कुजबुजल्या. आपण काय बोललो ते त्यांच्याही ध्यानात आलं नाही.

धाकटीच्या अंगावर काटा आला. महिनोन्महिने कागदावर काढून, खोडून, पुन्हा काढून जी गोष्ट तिला स्वतःलाही पुरती दिसली नव्हती, ती या अनोळखी माणसांना दिसत होती. ती बोलत गेली. इथे खेळाचं दालन. इथून जिना वर जातो. ही रंगमंचाची बाजू, तिला लागून पोशाखांची खोली. आणि ही गाण्याची खोली, दोन खिडक्या उत्तरेला.

गाण्याच्या खोलीत आई घडीच्या खुर्चीवर बसली होती. तिला फिरवत नेणं जमलं नसतं, गुडघे दुखायचे. म्हणून तिनंच विचारलं होतं, मी कुठे बसू, आणि धाकटीनं बोट दाखवलं त्या खोलीत जाऊन ती जी बसली ती स्वतःच्या घरात बसल्यासारखी. येणाऱ्या जाणाऱ्याला "बसा ना" म्हणत होती. बसायला दुसरी खुर्ची नव्हती.

दादाचा चेहराही सैलावला होता. छापखान्याच्या मालकांशी बोलता बोलता त्यानं धाकटीकडे बघून मान हलवली. दादाचं ते मान हलवणं म्हणजे दुसऱ्या कुणी मिठी मारल्यासारखं. धाकटीला वाटलं, आता सांगून टाकावं. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली आणि काका उतरले.

*

काका म्हणजे बाबांचे पाठचे भाऊ. शाळा निघाली ती दोघांची मिळून. दुकानाच्या वरच्या भाड्याच्या खोल्यांत बाबा गणित शिकवायचे, काका मुलांना घेऊन रस्त्यानं पळायचे, आणि नुकतं लग्न होऊन आलेली आई गाणं शिकवायची. मग एका वर्षी निकाल फार वाईट लागला. पालक मुलं काढून नेऊ लागले. बाबांनी खेळाचा तास बंद केला, गाण्याचा बंद केला आणि सगळे तास अभ्यासाला दिले. शाळा वाचली, वाढली, गुणांची शाळा म्हणून नावाला आली. काका मात्र त्याच आठवड्यात घर सोडून गेले. त्यांनी बाटल्यांचा कारखाना काढला, भरपूर कमावलं, आणि शाळेच्या फाटकात पुन्हा पाऊल टाकलं नाही. बाबा गेले तेव्हा ते आले होते. सगळ्यांच्या मागे उभे राहून, कुणाशी न बोलता परत गेले.

धाकटी त्यांना भेटायला कारखान्यात गेली तेव्हा भट्टीच्या उजेडात त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं होतं. "खेळ आणि कला," ते हळू म्हणाले होते. "त्याच शाळेत?" आणि मग, "येईन मी."

ते आता दारातून आत आले. लोकांनी वाट करून दिली. खेळाच्या दालनाच्या मधोमध ते उभे राहिले, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सावकाश नजर फिरवली.

दादा धाकटीजवळ आला. ओठ न हलवता म्हणाला, "कुणाला विचारून?"

"दादा, मी सांगणारच होते."

"कधी? पायाभरणीला?"

शिट्टीवहिनीनं दोघांच्या मधे पाण्याचा पेला धरला. "भांडण नंतर. आधी माणसाला पाणी विचारा," ती म्हणाली आणि काकांकडे गेली.

काका पाणी प्याले, आणि नेहमीच्या आवाजात, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांच्या वर चढवायच्या आवाजात म्हणाले, "मला तुमच्याशी बोलायचंय. घरच्यांशी. एकांतात."

मैदानावर एकांत कुठून आणायचा? पण दादानं आजूबाजूला बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "इकडे या." तो सगळ्यांना पोशाखांच्या खोलीत घेऊन गेला. धाकटी सर्वांत शेवटी आत शिरली, आणि तिचा हात आपोआप मागे गेला, दार लावून घ्यायला.

"थोडक्यात सांगतो," काका म्हणाले. "देणग्या गोळा करत बसू नका. वरचं, खालचं, सगळं मी बांधून देतो."

त्यांनी एक बोट वर केलं.

"अट एकच. इमारतीला वहिनींचं नाव. तुमच्या आईचं. आणि उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगायचं की हे नाव का दिलं. या शाळेत एक गाणारी बाई होती आणि तिचं गाणं कुणी बंद केलं, ते सांगायचं."

दादाचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे बाबांच्याच शाळेत बाबांना आरोपी करून उभं करायचं."

"मी खरं सांगा म्हणतोय."

"खरं हेही आहे की त्यांनी ते तास बंद केले नसते तर आज बांधायला शाळाच उरली नसती!"

"ऐकलंय. मीही तिथं होतो."

दादा बायकोकडे वळला, आता ही आपल्या बाजूनं बोलणार अशा खात्रीनं. शिट्टीवहिनी पायानं गवत उकरत होती. "मला विचारशील तर घ्यावं," ती म्हणाली. "मामंजी माझे कोणी वैरी नव्हते. पण पोरं जिन्याखाली कोलांट्या मारतात रे. मागच्या महिन्यात एकीचं डोकं पायरीला लागलं."

"तूसुद्धा?"

"मी पोरांच्या बाजूनं आहे. ती बाजू कुठे जाते ते तू बघ."

मग दोघांनी धाकटीकडे पाहिलं. लहानपणापासून हे असंच होतं; मत फुटलं की घर तिच्याकडे बघायचं. तिला आपली इमारत दिसत होती, खरी, विटांची, उत्तरेच्या खिडक्यांतून उजेड आत घेणारी. एक हो म्हटलं की उभी. आणि दादाचा चेहराही दिसत होता. बाबा शेवटच्या आजारात असताना रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसणारा दादा. आपल्याच हातानं पाणी वाहून आपण चिखल केला, असं तिला वाटलं.

"मला..." ती म्हणाली.

"अरे, भिंती भुकटीच्या आहेत," शेजारच्या खोलीतून आईचा आवाज आला. "ऐकू येतंय सगळं. मलाही आणि पाहुण्यांनाही."

धाकटीनं वळून पाहिलं. मैदानभर माणसं निरनिराळ्या खोल्यांत स्तब्ध उभी होती आणि सगळीजण अगदी मन लावून दुसरीकडे बघत होती.

*

ते गाण्याच्या खोलीत गेले. तशाही घाईत दारातून गेले.

आईनं हात मांडीवर ठेवले होते. "भावजी, किती दिवसांनी आलात. बरे आहात ना?"

"वहिनी, मी..." काकांचा आवाज एकदम उतरला. "मी तुमच्यासाठी म्हणून..."

"ते कळलं. पण मला विचारलंत का?"

काका आपल्या बुटांकडे बघू लागले.

"नाव माणूस गेल्यावर लावतात. मी अजून आहे. उद्या मुलं त्या पाटीखाली चपला काढतील आणि म्हणतील, कोण होती ही बाई? मग कुणीतरी सांगेल, हिच्यावर अन्याय झाला हो. एवढंच का मी?" ती दादाकडे वळली. "मला नाव नको. मला तास दे."

"तास?" दादा म्हणाला.

"गाण्याचा. आठवड्यातून दोनदा. या खोलीत."

"आई, तुझं वय..."

"वय विचारतोयस का मुलाखत घेतोयस? मुलाखत घे. मी तयार आहे."

शिट्टीवहिनीला हसू फुटलं, ते तिनं खोकल्यात घातलं. पण काका हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की धाकटीला बघवेना. आयुष्यभर एका माणसासाठी लढावं, आणि त्या माणसानं सांगावं की ही लढाई मला नकोच होती. तसा तो चेहरा होता.

"मग माझी इथं गरज नाही," काका म्हणाले. ते वळले आणि चालू लागले. दाराकडे गेले नाहीत. सरळ भिंतीतून गेले, मग पुढच्या भिंतीतून, मग त्या पुढच्या. बुटांना फक्की लागत गेली आणि त्यांच्यामागे रेघा फुटत गेल्या. दुपारभर कुणी न मोडलेली ती इमारत एका क्षणात पुन्हा मैदान झाली. लोक घड्याळं बघू लागले. दादा काकांच्या पाठीकडे बघत होता. जिंकल्यासारखा मात्र तो मुळीच दिसत नव्हता.

आई मात्र खोली मोडली हे मान्य करायला तयार नव्हती.

"थांबा हो सगळे," ती म्हणाली. "आलाच आहात तर खोली कशी लागते ते तरी बघू." आणि तिनं बसल्या जागी एक सूर लावला.

आवाज म्हातारा होता, कडेला जरा खरखरीत, पण मधे भरीव. वाऱ्यानं तो उचलला आणि मैदानापार नेऊन टाकला. आईनं तोंड वाकडं केलं.

"परत येत नाही. भिंत हवी." तिनं छापखान्याच्या मालकांकडे बोट केलं. "तुम्ही. जरा या रेघेवर उभे राहता? माझ्याकडे तोंड करून. हां. तुम्ही धिप्पाड आहात, चांगली भिंत होईल."

मालक मुकाट्यानं येऊन उभे राहिले. त्यांच्या बाजूला डॉक्टरीणबाई आल्या. मग एकेक करून बाकीचे. माणसं नुसती सरकत सरकत रेघेवर आली आणि खांद्याला खांदा लावून उभी राहिली. शिट्टीवहिनीनं हातांनी खूण करत कोपरे सरळ केले. खिडक्यांच्या जागी अंतर राहिलं, त्यातून तो दुधाळ उजेड आत आला. दाराच्या एका बाजूला दादा उभा राहिला, दुसऱ्या बाजूला धाकटी.

आईनं पुन्हा सूर लावला. या खेपेला तो गेला नाही. माणसांच्या छात्यांना लागून परत आला, आईनं तो झेलला, पुढे नेला. धाकटीला ते गाणं पाठ होतं. लहानपणी ताप आला की, वीज गेली की, काहीही नसलं तरी, मागच्या पायरीवरून हेच गाणं घरभर यायचं. सगळ्यांच्या आया अशाच गातात असं ती कितीतरी वर्षं समजत होती. आता डोळे मिटले तर तिला छत लागलेलं जाणवत होतं. किती वेळ गेला कुणास ठाऊक. ऊन रेघांवरून सरकून लोकांच्या पायांवर आलं, कुणाचं तरी तान्हं मूल खांद्यावर झोपून गेलं.

धाकटीनं डोळे उघडले तेव्हा काका दारात उभे होते. फाटकापर्यंत जाऊन परत आले असणार. आत येत नव्हते, जात नव्हते.

आई गाता गाता थांबली. "भावजी, आत तरी या नाहीतर बाहेर तरी जा. दारातून वारा येतोय."

काका आत आले. पण उभं कुठे राहायचं ते त्यांना कळेना, सगळ्या रेघा भरल्या होत्या. दादानं त्यांच्याकडे पाहिलं. घसा खाकरला, बाबांसारखाच. मग एक पाऊल बाजूला सरकला आणि आपल्या शेजारी जागा केली. काका तिथे जाऊन उभे राहिले. दोघांचे खांदे लागले. दोघंही समोर बघत होते.

*

माणसं निरोप घेऊन जाऊ लागली तेव्हा प्रत्येकजण दादाशी काहीतरी हळू आवाजात बोलत होता, आणि दादा प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेत होता. छापखान्याचे मालक जाताना म्हणाले, "ती भिंत माझी बरं का. तिचा खर्च मी देणार. मी उभा राहिलोय तिथे." ते ऐकून डॉक्टरीणबाईंनी आपली खिडकी सांगून टाकली. धाकटीला भिंतींमागून भिंती उभ्या राहताना ऐकू येत होत्या.

काका शिट्टीवहिनीपाशी थांबले. "खेळाच्या दालनाची जमीन सिमेंटची ठेवू नका. पोरांचे गुडघे जातात. लाकडाची हवी."

"लाकूड परवडायला हवं ना, काका."

"जमीन माझ्याकडे लागली," ते म्हणाले. "नावबिव काही नको."

दादानं ते ऐकलं. "काका," तो म्हणाला, आणि अडखळला. "सकाळी पोरांना पळवायला कुणीतरी लागेल. म्हणजे... तुम्हाला जमत असेल तर."

"पळणं होत नाही आता."

"ओरडणं होतं ना? तेवढं पुरे," शिट्टीवहिनी म्हणाली.

काका पहिल्यांदा हसले. हसताना ते इतके बाबांसारखे दिसले की धाकटीनं मान फिरवली.

आईला उठायचं होतं. काकांनी हात पुढे केला, तिनं तो धरला, आणि दोघं गुडघे सांभाळत फाटकाकडे निघाले. धाकटी खुर्ची घेऊन मागून चालत होती. सगळीकडे संध्याकाळ पसरली होती, रंग नसलेली, मऊ.

"वहिनी, एक विचारू?" काका म्हणाले. "इतक्या वर्षांनी सूर असा जागच्या जागी लागला कसा? तुम्ही तर गाणं सोडलंत ना तेव्हाच?"

आई थांबली. "सोडलं? कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तास बंद झाला तेव्हा..."

"तास बंद झाला. गाणं कशाला बंद होईल? रोज गायले मी. संध्याकाळी मागच्या पायरीवर बसून. तुमचे भाऊ शाळेतून येऊन शेजारी ऐकत बसायचे. शाळेत बंद केलं आणि घरी ऐकत बसले. त्याचा राग मला आहे, तो माझा मी बघेन." तिचा आवाज मऊ झाला. "घर तुम्ही सोडलंत, भावजी. म्हणून तुमच्या कानावर आलं नाही."

गाडीशी येऊन काकांनी दार उघडलं, पण आत बसले नाहीत. दारावर हात ठेवून उभे राहिले, आणि मग एखाद्या लहान मुलानं विचारावं तसं विचारलं, "उद्या गाणार आहात?"

"रोजच गाते," आई म्हणाली. "या की."